दोरका ‘बरं’ म्हणाली

गुरुवारी सकाळच्या मोठ्या सुट्टीत, दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याशी, मी दोरकाच्या हातात तिचा निबंध ठेवला. चार पानं, मी स्वतः छापून आणलेली. तिने उभ्या उभ्याच शेवटचं पान काढलं, वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बरं, बाई.” पानं दप्तरात घातली आणि रसायनाच्या तासाला गेली. एवढंच झालं. मला मात्र कुणी पायऱ्यांवरून हलकेच ढकलल्यासारखं वाटलं आणि मी कठडा धरून तिथेच उभी राहिले. दोरका वामोश सोळा वर्षांची आहे, गेली तीन वर्षं माझ्याकडे शिकते आणि तीन वर्षांत ती मला एकदाही ‘बरं’ म्हणालेली नव्हती. माझ्या तासाला तशी सोयच नाही. दोघादोघांनी धर्मग्रंथाचं एक पान समोर घेऊन बसायचं आणि त्यावरून मोठमोठ्याने भांडायचं, ही आम्हा ज्यूंची शिकायची रीत शेकडो वर्षांची आहे. मी त्या रीतीत माझा एक नियम घातलाय. जो आधी ‘बरं’ म्हणेल त्याने उरलेला तास उलट बाजू लढवायची. पलीकडच्या वर्गातले गणिताचे सर भिंतीवर बुक्के मारतात. त्या गोंगाटात दोरकाचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. पोरांनी तिचं नावच ‘पणबाई’ ठेवलंय, कारण तिचं प्रत्येक वाक्य ‘पण, बाई’ने सुरू होतं. आणि त्या मुलीच्या निबंधातलं शेवटचं वाक्य मी काढून टाकलं होतं, तिथे माझं घातलं होतं, तिला न विचारता, आणि ती म्हणाली, बरं.

खरं सांगायचं तर मी भांडणाच्या तयारीने आले होते. ट्राममध्ये दोन्हीकडचं बोलणं मनात म्हणून झालं होतं. ती म्हणेल, पण बाई, हे माझं नाही. मी म्हणेन, सभागृहात दोनशे माणसं असतील, प्रसंग बघून लिहावं लागतं. ती म्हणेल, पण बाई, तुम्हीच तर शिकवलंत. मग मी हरेन. तिचं वाक्य परत येईल आणि मी मुख्याध्यापिकेच्या खोलीत जाऊन हात झटकून सांगेन, पोरगी ऐकत नाही, काय करू. अशी माझी गुपचूप सोय होती. बावन्न वर्षांची बाई सोळा वर्षांच्या मुलीच्या हिमतीवर विसंबून घरातून निघते, याची लाज मला ट्राममध्ये वाटली नाही, जिन्यापाशी वाटली. तिच्या त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते मला कळेना. तुच्छता असावी, असं आधी वाटलं. मग वाटलं, घाबरली असेल. मग वाटलं, मोठी झाली. बाहेर एक बोलायचं आणि घरात एक, हे आमच्याकडचं जुनं शहाणपण तिच्यातही उतरलं, आणि उतरवणारी मी.

सरोल्ता, म्हणजे आमची मुख्याध्यापिका, वाईट बाई नाही. नव्वदच्या सुमारास हंगेरीतली कम्युनिस्ट राजवट गेली आणि ही ज्यू शाळा सुरू झाली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून बाकं रंगवली होती, मी सतरा वर्षांची, ती माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी. आमच्या वयाच्या अर्ध्या मुलांना आपण ज्यू आहोत हे तेव्हा नुकतंच कळत होतं, कुणाला आजीच्या मयतात, कुणाला आईबापांच्या घटस्फोटात. सरोल्ताला कळलं ते एकविसाव्या वर्षी, दातांच्या डॉक्टरकडे, शेजारच्या खुर्चीतल्या मावशींकडून. तेव्हापासून ती जे करते ते अंगात वारं शिरल्यासारखं करते. मंगळवारी तिने मला बोलावलं आणि निबंध टेबलावर टाकला. इस्राएलच्या स्वातंत्र्यदिनाला दर वर्षी वरच्या वर्गातलं एक मूल ‘इस्राएल आणि मी’ या विषयावर वाचून दाखवतं. यंदा निवड माझ्याकडे होती. मी दोरकाचा निबंध निवडला कारण तो चांगला होता. त्यात तिची बेर्शेबातली मावसबहीण होती, जी रॉकेटचा भोंगा वाजला की मांजराला उचलून जिन्याखाली पळते. आणि फोनवर बघितलेला गाझामधला एक मुलगा होता, ज्याच्या हातात एक रिकामं भांडं होतं आणि जो कुणावर ओरडत नव्हता, नुसता रांगेत उभा होता. मावसबहीण तिच्या स्वप्नात येते, असं तिने लिहिलं होतं, आणि तो मुलगाही येतो, पण दोघं एकाच स्वप्नात कधी येत नाहीत. आणि शेवटी: ‘मला या देशाची काळजी वाटते आणि मला त्याची लाजही वाटते. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला कळत नाही. तेकू.’

“तेकू!” सरोल्ता म्हणाली. “समारंभात तेकू चालत नाही गं, लीवी.”

तेकू म्हणजे राहू दे. आमच्या जुन्या गुरूंचे वाद तालमूदमध्ये उतरवून ठेवलेत. त्यात काही वाद असे आहेत की पानंच्या पानं भांडून झाल्यावरही सुटत नाहीत. तिथे कुणी ओढूनताणून निकाल देत नाही. खाली लिहितात, तेकू, प्रश्न उभा राहू दे. मला हा शब्द फार आवडतो. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात मी तो फळ्यावर लिहिते आणि सांगते, ज्या लोकांनी आपल्या धर्मग्रंथात ‘आम्हाला माहीत नाही’ असं लिहून ठेवलं, त्या लोकांतले आपण. पोरं खूश होतात. परीक्षेतही तेकू लिहून बघतात.

“तू मला सांग,” सरोल्ता म्हणाली, “दूतावासातला माणूस पुढच्या रांगेत बसणार. वर्तमानपत्रवाले येणार. बाहेर आपल्याबद्दल काय काय बोलतायत ते तू वाचतेस ना? त्यात आपलीच पोरगी, आपल्याच मंचावरून, लाज वाटते म्हणणार?”

“ती काळजीही वाटते म्हणतेय.”

“काळजी कोण छापतंय? लाज छापतील. उद्या कुणीतरी तेवढं वाक्य कापून फोनवर फिरवलं, की ह्या बाजूचे तिला घरभेदी म्हणणार, त्या बाजूचे तिला खांद्यावर घेऊन नाचणार. कुठलं बरं? सोळा वर्षांची आहे ती. तिला सांभाळायचं कुणी?”

आणि ते खरं होतं. सरोल्ताचं हेच वाईट आहे. ती चुकीची असते तेव्हासुद्धा तिच्या बोलण्यात कुठेतरी खरं असतंच, आणि मी त्या खऱ्याला धरून तिच्या मागोमाग जाते.

त्याच दुपारी ते नवं वाक्य लिहायला मला चार मिनिटं लागली. ‘काहीही झालं तरी ते आमचं घर आहे, आणि घरच्या माणसावर आधी माया करायची असते, प्रश्न मागाहून.’ चांगलं वाक्य आहे. म्हणजे म्हणताना चांगलं लागतं, टाळी कुठे पडेल ते ऐकू येतं. इतक्या सहज ते माझ्या हातून उतरलं याचीच मला नंतर भीती वाटली. मी मनाने आणखी पाच-सहा लिहू शकले असते. हे कुठून येतं ते मला माहीत आहे. माझे बाबा रेडिओवर होते. सदुसष्ट सालच्या जूनमध्ये, तिकडे सहा दिवसांचं युद्ध झालं आणि आमच्या सरकारने इस्राएलशी संबंध तोडले, तेव्हा बाबांना त्यावर भाष्य लिहायला सांगितलं. मुद्दाम त्यांनाच. ज्यू माणसाच्या तोंडून आलेलं बरं. बाबा कम्युनिस्ट पक्षाचे होते, मनापासून होते. त्यांनी रात्रभर बसून लिहिलं, दोन्हीकडचं तोलून, आणि सकाळी संपादकाने फक्त शेवटचं वाक्य बदललं. फक्त शेवटचं. बाबांनी ते स्वतःच्या आवाजात वाचलं. मी तेव्हा जन्मायची होते, हे सगळं आईने सांगितलेलं. घरी येऊन ते स्वयंपाकघरात बसले आणि टोपी डोक्यावरच राहिली. महिनाभराने त्यांनी बातम्या सोडल्या आणि नद्यांच्या पाण्याची पातळी वाचायचं काम मागून घेतलं. माझ्या लहानपणचे बाबा ते हेच. रोज दुपारी दान्यूब आणि तिसा, गावागणिक इतके सेंटिमीटर, वाढतंय, उतरतंय. माझ्या मैत्रिणींना गंमत वाटायची. आई मात्र रेडिओचा आवाज मोठा करायची. त्या पातळीतलं शेवटचं वाक्य कुणी बदलू शकत नव्हतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला फक्त तो आवाज आवडायचा, सपाट, कुणावर न रागावलेला. आणि आता त्या संपादकाच्या खुर्चीत मी बसले होते. बाजू उलटी, खुर्ची तीच. की तीच नाही? त्याने बाबांना वापरलं होतं, मी दोरकाला वाचवत होते. की त्यालाही असंच वाटलं असेल, की या पोरगेल्या ज्यूला आपण वाचवतोय? मी दुपारभर हे घोळवत राहिले आणि कुठेच पोचले नाही.

गुरुवारी दोन तास मोकळे असतात, तेव्हा मी आईकडे जेवायला जाते. ती पोझोन्यी रस्त्यावर राहते, तिसऱ्या मजल्यावर, एकटी, सत्त्याऐंशी वर्षांची. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात ती सहा वर्षांची होती आणि त्याच रस्त्यावरच्या, ज्यूंसाठी नेमून दिलेल्या दुसऱ्या एका घरात, एका खोलीत तेवीस जणांत राहत होती. परत तिथेच का राहायला आलीस, असं विचारलं तर म्हणते, बेकरी चांगली आहे. मी तिला दोरकाचं सांगितलं. ती सूप ढवळत ऐकत होती.

“मग म्हणाली ना बरं? झालं तर.”

“आई, ती कधीच बरं म्हणत नाही.”

“तू पण म्हणायची नाहीस. मग एकदा म्हणायला लागलीस. माणूस शिकतो.” तिने माझ्या ताटलीत गाजर जास्त घातलं. “लाज वाटते म्हणे. मला सांग, ह्या देशाची लाज वाटते का तिला? हंगेरीची? ज्यांनी आम्हाला गोळ्या घालायला नदीकाठी नेलं त्यांची? त्यावर निबंध लिहिते का?”

“तेही लिहिते. गेल्या वर्षी लिहिला होता.”

“मग हुशार आहे.” तिने पावाचा तुकडा मोडला. “हे बघ, मी तिकडे एकदा गेले. आंद्रिशकडे, तीन आठवडे. ऊन, आरडाओरडा, बसमध्ये कुणी रांग लावत नाही. मला मेलीला एक दिवस आवडलं नाही. पण तो देश आहे म्हणून मला झोप लागते. तिथे जाऊन राहायचंय असं कुणी म्हटलं?”

तेवढ्यात माझा फोन वाजला. आंद्रिश, माझा भाऊ, इस्राएलमधून, हैफाहून. तिथे गेल्यावर त्याचा आशेर झाला, आम्ही अजून आंद्रिशच म्हणतो. त्या दिवशी तिकडे स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, सगळे बागांतून मांस भाजत बसतात. मागे धूर आणि माणसांचा कालवा ऐकू येत होता. मी त्यालाही विचारलं. त्या दिवशी मी प्रत्येकाला विचारत सुटले होते, कुणीतरी मला एक काहीतरी ठाम सांगावं म्हणून.

“मी दर शनिवारी चौकात उभा राहून सरकारला शिव्या घालतो, लीवी. घसा बसलाय माझा. पण तुमच्या तिकडच्या पोरीने पेश्तमध्ये बसून लाज वाटते म्हटलं की माझं टाळकं फिरतं. का ते विचारू नकोस.”

“विचारतेच. का?”

“कारण माझा मुलगा फौजेत आहे, आत, गाझात.”

“इताय परत गेला?”

“तिसऱ्यांदा.” धुरामुळे की कशाने तो खोकला. “सुट्टीवर आला की आंघोळीला जातो आणि तासभर बाहेर येत नाही. पाण्याचा आवाजही येत नाही. मी दाराबाहेर उभा असतो. काय विचारू त्याला? तू मास्तरीण आहेस, सांग, काय विचारू?”

मी म्हटलं, “काही विचारू नकोस, जेवायला बोलव.” तो म्हणाला, “तेच करतो.” मग आईने फोन घेतला आणि त्याला तो मांस नीट शिजवत नाही यावरून झाडलं.

परत येताना मी मुद्दाम मार्गित पुलावरून चालत गेले. वाऱ्यात उभं राहिलं की डोकं साफ होतं असा माझा समज आहे, तो त्या दिवशी खोटा ठरला. मीही गेले होते तिकडे. एकोणीस वर्षांची असताना, आंद्रिशबरोबर, राहायलाच. दोन वर्षांनी परत आले. पोरं विचारतात, बाई, का आलात? मी सांगते, आई एकटी होती. पोरांना तिथली एक गोष्ट मी दर वर्षी सांगते. बसच्या थांब्यावर एक अनोळखी म्हातारी माझ्यावर डाफरली, एवढ्या उन्हात टोपी नाही, तुला आईबाप आहेत की नाही, आणि मग पिशवीतून काकडी काढून तिने अर्धी मला दिली. ती काकडी खाताना मला पहिल्यांदा कळलं की इथे माझ्याबद्दल कुणाला काही कळायचं राहिलेलं नाही. मी कोण, हे मला कधीच, कुणालाच सांगावं लागणार नाही. ती अर्धी काकडी हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात निर्धास्त क्षण आहे. दुसरी गोष्ट मी सांगत नाही. संत्री भरायच्या कारखान्यात माझ्याबरोबर एक अरब म्हातारा खोकी ठोकायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने समोरच्या टेकडीकडे बोट केलं आणि एका गावाचं नाव सांगितलं. टेकडीवर झाडं होती, गाव नव्हतं. “माझ्या आईचं घर,” तो म्हणाला. रागाने नाही, हवा कशी आहे हे सांगावं तसं. मी मान हलवली आणि माझं फळ सोलत राहिले. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय ऐकलं असतं कुणास ठाऊक. त्या दिवसानंतर मला झोप लागेनाशी झाली असं काही झालं नाही. मी आणखी आठ महिने तिथे राहिले, मजेत राहिले, समुद्रावर गेले, एका मुलाच्या प्रेमात पडले. मग एके दिवशी आईचं निमित्त करून परतीचं तिकीट काढलं. ती टेकडी आणि ती काकडी मी एकत्र कधी ठेवली नाहीत. दोरकाने मात्र चार पानांत दोन्ही ठेवली होती. मला तिचा हेवा वाटला असेल का? म्हणून मी ते वाक्य काढलं असेल का? पुलावर एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, तिने मला विचारलं की माझी तब्येत ठीक आहे ना.

मी ठरवलं की संध्याकाळच्या समारंभाआधी दोरकाला गाठायचं आणि म्हणायचं, तुझंच वाच. हे मी खरंच ठरवलं होतं. दारातल्या पहारेकऱ्याने पिशवी तपासली, वर गेले तर सभागृहात निळेपांढरे कागद लावणं चाललं होतं, मुलांच्या आयांनी खसखस-सफरचंदाच्या केकची ताटं आणली होती. दोरका मंचामागे इतर मुलांबरोबर होती. पांढरा शर्ट, केस बांधलेले. मी तिच्याकडे निघाले तेवढ्यात सरोल्ताने माझं कोपर धरलं आणि दूतावासातल्या माणसाशी ओळख करून दिली. हसतमुख, दमलेला, तरुणच माणूस. आम्ही मुलांना किती तास हिब्रू शिकवतो ते त्याला सांगण्यात पाच मिनिटं गेली. कोपर सोडवून घेता आलं असतं. मी ते सोडवलं नाही.

दोरकाने सुंदर वाचलं. मावसबहिणीचं मांजर आलं तेव्हा लोक हसले, भांडं घेतलेला मुलगा आला तेव्हा सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली आणि मागून एका आजोबांनी “हे इथे कशाला?” असं म्हटलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. ती थांबली नाही. ती शेवटच्या पानावर आली आणि मला वाटलं, आता. आता ती कागद खाली करेल आणि तिचं म्हणेल. माझ्या मनात तिच्यासाठी टाळी तयार होती. तिने कागद खाली केला नाही. माझं वाक्य वाचलं, आणि माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी चांगलं वाचलं, हळू, जणू ते तिच्या पोटातून येतंय. टाळ्यांचा कडकडाट झाला. ते मागचे आजोबा उभे राहिले. सरोल्ताचे डोळे भरले होते. दूतावासातला माणूस माझ्या कानाशी म्हणाला, “अशी मुलं असली की आम्हाला परदेशात हत्तीचं बळ येतं हो.” मीही टाळ्या वाजवत होते. माझ्या हातांना दुसरं काही सुचलं नाही.

नंतर मी तिला कोट अडकवायच्या बोळात गाठलं. ती एकटीच होती, बूट बदलत होती.

“दोरका,” मी म्हटलं, “तू भांडली का नाहीस माझ्याशी?”

तिने वर बघितलं. तिचा चेहरा मला चांगला आठवतो. त्यावर राग नव्हता, मी दिवसभर जे जे शोधत होते त्यातलं काहीच नव्हतं. ती खुशीत होती.

“कशाला भांडू? तुम्ही लिहिलं होतं ते.”

“म्हणून काय झालं?”

“बाई, युद्ध सुरू झाल्यापासून, दीड वर्ष मला काही कळत नाहीये. घरी बाबा एक बोलतात, आई रडते, फोन उघडला की तिसरंच. मी तेकू लिहिलं ना, ते काही हुशारी म्हणून नाही लिहिलं. मला खरंच पुढे लिहिता येईना. आणि तुम्ही तर कधीच उत्तर देत नाही, सारखं उलटं विचारता. सकाळी ते वाक्य वाचलं आणि वाटलं, चला, बाईंना माहीत आहे. विचार करून करून त्यांना कळलंय, आणि त्यांनी मला दिलंय. दिवसभर किती हलकं वाटलं सांगू.” ती हसली आणि मग तिचं हसू थोडं अडखळलं, कारण ती माझ्याकडे बघत होती. “तुम्हाला वाटतं ना तसं? ते खरं आहे ना?”

हो म्हणायला काहीच लागलं नसतं. एक शब्द. सरोल्ता म्हणाली असती, आई म्हणाली असती, आंद्रिशसुद्धा शिव्या घालत का होईना म्हणाला असता, आणि ती मुलगी घरी जाऊन झोपली असती.

“मला माहीत नाही, दोरका,” मी म्हटलं. “मी ते असंच लिहिलं. कार्यक्रमासाठी.”

एका पायात बूट होता, दुसरा हातात. बराच वेळ तो बूट तिने तसाच धरला होता. एका दिवसात मी तिचा प्रश्न काढून घेतला होता आणि आता उत्तरही काढून घेत होते, आणि बदली द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, तो माझा आवडता शब्दसुद्धा नाही.

“पण, बाई,” ती म्हणाली आणि थांबली. पुढचं तिला सापडत नव्हतं. मी उभी राहिले, तिला सापडेल म्हणून. मग तिने दुसरा बूट घातला, नाडी बांधली आणि तिची आई बाहेर गाडीत वाट बघत होती म्हणून ती गेली.